पाटाचें पाणी आणि हिंवताप

ज्युबिलीच्या प्रसंगीं धर्मग्रामाचा इतिहास लिहावयाचा म्हणजे मंदिर केव्हां उभें राहिलें, घंटा कोणीं दिली, शाळा कोणत्या वर्षीं सुरू झाली व कोणकोणते फादर येथें राबून गेले, हें सांगण्याचा प्रघात आहे. तें सर्व या स्मरणिकेंत अन्यत्र येईलच. आम्हांस येथें अशा एका पाहुण्याचा इतिहास सांगावयाचा आहे, कीं ज्याला कोणीं बोलाविलें नव्हतें, ज्याचें नांव कोणत्याहि कोनशिलेवर कोरलेलें नाहीं, आणि तरीहि जो आमच्या वाडवडिलांच्या बहुतेक घरीं येऊन गेला. तो पाहुणा म्हणजे हिंवताप. आमची वृद्ध मंडळी "हीव भरलें" एवढेच दोन शब्द बोलत. पण त्या दोन शब्दांत तीन तीन घोंगड्यांखालीं कुडकुडणारा गडी, बुडालेली मजुरी, पानथरी वाढून पोट पुढें आलेलीं मुलें आणि दारीं बसलेली उपासमार, इतकें सर्व सामावलेलें असे. हा रोग कसा आला, तो कसा ओळखला गेला, कसा हटला आणि हटलेला पुन्हा कसा परतला, हें समजून घेणें आजहि अगत्याचें आहे. कारण तो गेला असें समजून निजणें हेंच त्याला परत बोलावणें होय.

आपला श्रीरामपूरचा परिसर आज उसाच्या फडांनीं हिरवागार दिसतो. परंतु शंभर वर्षांपूर्वींचें चित्र निराळें होतें. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ सालीं सुरू झाला, तेव्हां आजचें शहर नव्हतें. शेजारच्या बेलापूर गांवाचें नांव स्टेशनास मिळालें, व पुढें स्टेशनाच्या आधारानें बाजारपेठ वाढली. पावसाच्या लहरीवर जगणारा हा मुलूख होता. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळानें येथील गोरगरिबांची काय दशा केली, तें आपल्या पूर्वजांनीं डोळ्यांनीं पाहिलें. पुढें अकोले तालुक्यांत भंडारदरा येथें प्रवरा नदीवर धरणाचें काम १९१० सालीं सुरू होऊन १९२६ सालीं पुरें झालें. तेथून सोडलेलें पाणी संगमनेर तालुक्यांतील ओझरच्या बंधाऱ्यापाशीं अडवून डाव्या व उजव्या पाटांनीं कोरड्या रानांत खेळविण्यांत आलें. १९२० नंतरच्या दशकांत हरेगांवीं बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला, त्यानंतर टिळकनगरचा. आणि १९५० सालीं लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नानें सहकारी कारखाना सुरू झाला. ज्यांच्या घरीं चूल पेटत नव्हती त्यांस काम मिळालें. आपल्या समाजांतील कित्येक कुटुंबें ह्याच कामाच्या ओढीनें येथें येऊन स्थायिक झालीं. पाटाच्या पाण्यानें आम्हांस भाकर दिली, हें आम्ही कृतज्ञतेनें मान्य केलेंच पाहिजे.

परंतु वाहतें पाणी जेथें थांबतें तेथें त्याचें दुसरें रूप प्रकट होतें. पाटाच्या कांठांतून पाझरलेलें पाणी सखल जागीं सांठतें. भरावासाठीं माती उकरलेल्या खड्ड्यांचीं डबकीं होतात. चाऱ्या गवतानें तुंबतात. विहिरी कांठोकांठ भरतात. अॅनोफिलीस जातींतील कुलिसिफेसिस नांवाचा जो डांस आपल्या खेड्यापाड्यांतून हिंवताप पसरवितो, त्याला असेंच स्वच्छ, संथ व उन्हांतलें पाणी मानवतें. तो दिवसा गोठ्यांत व घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत विसांवतो आणि रात्रीं बाहेर पडतो. उघड्यावर किंवा गोठ्याच्या वळचणीला निजणारा मजूर त्याच्या तावडींत आयताच सांपडतो. अन्न देणारें पाणी व ताप देणारें पाणी हें एकच होतें. भेद होता तो केवळ तें वाहतें ठेवण्याच्या काळजीचा.

त्या काळीं तापाचें खरें कारण येथील लोकांस ठाऊक नव्हतें. कोणी बाधा म्हणे, कोणी नव्या पाण्याचा दोष म्हणे. ह्याबद्दल त्यांस हंसण्याचें कारण नाहीं. मोठमोठे युरोपीय पंडितहि शतकानुशतकें हाच गोंधळ करीत आले होते. मलेरिया ह्या इटालियन शब्दाचा मूळ अर्थच "वाईट हवा" असा आहे. दलदलीवरून येणारी दूषित हवा अंगीं शिरल्यानें ताप येतो, अशी त्यांची समजूत होती. खुद्द रोम शहर ह्या तापानें गांजलेलें होतें. १६२३ सालीं नवीन पोप निवडण्यासाठीं जमलेल्या कार्डिनलांपैकीं कित्येक आजारी पडले व कांहीं मृत्यु पावले; निवडून आलेले आठवे अर्बन हेहि तापानें अंथरुणास खिळले. राजवाडा व झोपडी असा भेद हा रोग करीत नाहीं, ह्याचा ह्याहून मोठा दाखला कोणता द्यावा?

ह्या रोगावरचें पहिलें खरें औषध ज्यांनीं युरोपांत आणिलें, त्यांत येशूसंघाच्या मिशनऱ्यांचा मोठा वांटा आहे, ही गोष्ट आपल्या वाचकांस विशेष जिव्हाळ्याची वाटेल. कारण ह्याच संघाच्या जर्मन व पुढें स्विस फादरांनीं ह्या जिल्ह्यांत आपलें आयुष्य वेंचलें. दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वतावर सिंकोना नांवाचा वृक्ष होतो. त्याची कडू साल पेरू देशांतील लिमा येथून सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत रोमला पोहोंचली. लिमा येथील संघाच्या औषधशाळेचे बंधु सालुम्ब्रिनो यांचें नांव ह्या संबंधांत घेण्यांत येतें. रोममध्यें कार्डिनल हुआन दे लुगो, हेहि येशूसंघीयच, यांनीं ती साल स्वखर्चानें मागवून गरीब रोग्यांस वांटली. किती मात्रा, केव्हां व कशी घ्यावी, ह्याची माहिती देणारें पत्रक रोममध्यें १६४९ च्या सुमारास निघालें. ही सालीची भुकटी युरोपांत "जेझुइटांचें चूर्ण" ह्या नांवानें ओळखली जाऊं लागली. व्हाइसरॉयाची पत्नी चिंचोनची काउंटेस हिनें ती युरोपांत आणिली, ही प्रसिद्ध कथा मात्र इतिहाससंशोधक आज खरी मानीत नाहींत.

नांवांतच भांडणाचें मूळ निघालें. इंग्लंडांत धर्मपंथांचें वैर इतकें तीव्र होतें कीं, जेझुइटांनीं आणिलेलें चूर्ण घेण्यास पुष्कळ लोक भीत. रॉबर्ट टॅल्बर नांवाच्या एका वैदूनें तर त्या चूर्णाची चारचौघांत निंदा केली, आणि आपल्या गुप्त औषधानें राजा दुसरा चार्ल्स यास तापांतून बरें केलें. १६८१ सालीं तो वारल्यावर त्याचें रहस्य उघड झालें. त्या गुप्त औषधांतहि तीच सिंकोनाची साल होती! औषध हातीं असतां केवळ देणाऱ्याविषयींच्या संशयानें माणसें तें नाकारतात, हा दोष कोण्या एका देशाचा किंवा पंथाचा नाहीं. आपल्याकडेहि लशीविषयीं व सरकारी दवाखान्याच्या गोळ्यांविषयीं असले संशय आम्हीं आपल्या कानांनीं ऐकिले आहेत.

१८२० सालीं पॅरिस येथें पेल्टिए व कॅव्हेंतू ह्या दोघां रसायनशास्त्रज्ञांनीं सालींतील गुणकारी द्रव्य वेगळें काढिलें. तेंच क्विनीन, आपल्याकडे त्याला कोयनेल म्हणत. १८६० नंतर निलगिरीवर व दार्जिलिंगच्या डोंगरांत सिंकोनाची लागवड झाली, आणि बंगाल्यांत १८९२ पासून पोस्टाच्या कचेरींत एका पैशास कोयनेलची पुडी मिळूं लागली. ही मोठीच सोय झाली. तथापि पुडीनें एका रोग्याचा ताप उतरे, साथ मात्र उतरत नसे. चोर कोणत्या दारानें येतो हें ठाऊक नसतां घर राखावयाचें तरी कसें?

तें दार १८८० ते १८९८ ह्या अवघ्या अठरा वर्षांत सांपडलें. १८८० सालीं अल्जीरियांत फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हरां यांनीं रोग्याच्या रक्तांत सूक्ष्मदर्शकाखालीं एक हालता जीव पाहिला. हा पटकीच्या किंवा क्षयाच्या जंतूसारखा नसून, दुसऱ्याच्या शरीरावर जगणारा एकपेशी प्राणी आहे. तो रक्तांतील तांबड्या पेशींत शिरतो, तेथें वाढतो, एकाच वेळीं असंख्य पेशी फोडून बाहेर पडतो, आणि त्या वेळीं रोग्यास हुडहुडी भरून ताप चढतो. म्हणूनच हा ताप घड्याळ लावल्यासारखा पुष्कळदां एक दिवसाआड येतो. पण हा जीव एका माणसाच्या रक्तांतून दुसऱ्याच्या रक्तांत जातो कसा? हें कोडें आपल्या देशांत सुटलें. अल्मोड्यास जन्मलेले डॉ. रोनाल्ड रॉस यांनीं सिकंदराबादेस हुसेन खान नांवाच्या रोग्यास डांसामागें एक आणा देऊन डांसांकडून चाववून घेतलें, व ते डांस एकामागून एक चिरून तपासले. २० ऑगस्ट १८९७ रोजीं एका डांसाच्या जठराच्या भिंतीवर त्यांस त्या जीवाच्या गांठी दिसल्या. दुसऱ्या वर्षीं कलकत्त्यास पक्ष्यांवर प्रयोग करून, तो जीव डांसाच्या लाळेंत उतरतो व दंशाबरोबर नव्या शरीरांत जातो, हें त्यांनीं सिद्ध केलें. त्याच १८९८ सालीं रोममध्यें ग्रासी व त्यांचे सहकारी यांनीं मनुष्याचा हिंवताप अॅनोफिलीस डांसांकडूनच पसरतो हें दाखवून दिलें.

तरीहि "वाईट हवे"वरची श्रद्धा सुटेना. तेव्हां १९०० सालीं डॉ. साम्बन व डॉ. लो हे रोमजवळच्या ओस्तिया येथील दलदलींत जाऊन राहिले. तो भाग ऐन उन्हाळ्यांत तापाचें माहेरघर समजला जाई. त्यांनीं तेथलीच हवा घेतली. त्यांची खबरदारी एकच: दारांखिडक्यांस बारीक जाळी, आणि सूर्यास्तापूर्वीं घरांत परतणें. सबंध मोसमांत त्यांस ताप आला नाहीं. आसपासचे शेतकरी मात्र तापानें फणफणत होते. लाखों पानांच्या वादानें जें झालें नसतें, तें एका साध्या झोंपडीनें केलें.

एवढें समजल्यावर उपायांची दिशा स्पष्ट झाली. रोगी, डांस व निरोगी माणूस अशी ही तीन कड्यांची साखळी आहे. डांसाची मादी पाण्यावर अंडीं घालते, व उष्ण हवेंत सुमारें आठ-दहा दिवसांत त्यांचे डांस होतात. रोग्याचें रक्त प्यालेल्या डांसाच्या अंगीं तो जीव पक्व होण्यास आणखी दहा-बारा दिवस लागतात. म्हणजे डबकें वेळेवर बुजविलें, हौद आठवड्यास कोरडा केला, रोग्यास मच्छरदाणींत निजविलें व त्यास पुरें औषध दिलें, तर साखळी कोठें ना कोठें तुटतेच. मुंबईस डॉ. बेंटली यांनीं १९११ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत शहरांतील विहिरी व पाण्याच्या टांक्यांकडे बोट दाखविलें. विहीर झांकावयाची म्हटल्यावर धर्माच्या नांवानें हरकती निघाल्या, आणि दीर्घकाळ वाद चालला. डबकीं बुजविणें, साचलेल्या पाण्यावर तेल टाकणें, अळ्या खाणारे मासे सोडणें, हे उपाय तेव्हांपासूनचे आहेत.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस डीडीटी हें नवें द्रव्य हातीं आलें. मुंबई प्रांताच्या कानडा व धारवाड जिल्ह्यांत डॉ. डी. के. विश्वनाथन यांनीं १९४६ पासून घरोघरीं त्याची फवारणी करून दाखविली. भिंतीवर बसणारा डांस त्या भिंतीनेंच मरावा, ही त्यांतली युक्ति. स्वातंत्र्याच्या सुमारास देशांत दरसाल सुमारें साडेसात कोटी लोकांस हिंवताप होई व आठ लक्ष दगावत, असा अंदाज होता. १९५३ सालीं राष्ट्रीय हिंवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ सालीं त्याचें निर्मूलन कार्यक्रमांत रूपांतर झालें, आणि १९६५ सालीं रोग्यांची संख्या एक लक्षाच्या आसपास उतरली. एवढा मोठा विजय क्वचितच कोणत्या राष्ट्रानें मिळविला असेल.

आणि येथेंच आम्हीं घात करून घेतला. विजय पुरा झाला असें समजून दक्षता ढिली पडली. पैसा व माणसें दुसरीकडे वळलीं. डांस डीडीटीला दाद देईनासे झाले. कांहीं भागांत जुनें औषधहि निकामी ठरूं लागलें. १९७६ सालीं देशांत सुमारें चौसष्ट लक्ष सत्तर हजार रोग्यांची नोंद झाली. अकरा वर्षांत एकाचे चौसष्ट!

आमचें बालपण ह्या परतलेल्या तापाच्या दिवसांतलें. पाटाकांठच्या आमच्या खेड्यांत फवारणीचीं माणसें येत, घरांतील भांडींकुंडीं बाहेर काढावयास लावीत, व काम झाल्यावर भिंतीवर तारीख लिहून जात. पंधरा दिवसांनीं एक कर्मचारी सायकलवरून येई आणि ताप असलेल्याच्या बोटास सुई टोंचून कांचेवर रक्ताचा थेंब घेई. आम्हां पोरांस त्याची मोठी धास्ती. एके वर्षीं फवारणी झाली आणि आठवड्यावर सण आला. फवाऱ्यानें भिंतींवर पांढुरके ओघळ उठले होते. सणासुदीला घर असें ओंगळ दिसावें हें आमच्या मातोश्रींस कसें रुचावें? त्यांनीं सबंध घर हौसेनें माती-शेणानें सारवून काढलें. घर लखलखीत झालें, व औषध सारवणाखालीं गाडलें गेलें. त्या पावसाळ्याच्या शेवटीं आमच्या धाकट्या बहिणीस हीव भरलें. ती वांचली, परंतु दोन महिने तिची रया गेली होती. मातोश्रींस आम्ही दोष देत नाहीं. सारवूं नये, आणि कां सारवूं नये, हें त्यांस कोणीं समजावून सांगितलेंच नव्हतें. हुकूम मिळाला होता, कारण मिळालें नव्हतें.

आम्हांस मात्र ही सबब सांगतां येणार नाहीं. सेमिनरींत शिकत असतां सुट्टींत आम्हांस हिंवताप झाला. डॉक्टरांनीं चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या व सर्व संपविण्याविषयीं बजावलें. तिसऱ्या दिवशीं ताप उतरला, पांचव्या दिवशीं भूक लागली, आणि सहाव्या दिवशीं गोळ्यांची पुडी पुस्तकाच्या कप्प्यांत गेली. कांहीं महिन्यांनीं ऐन परीक्षेच्या तोंडावर तोच ताप पुन्हा आला. हिंवतापाच्या एका प्रकाराचें बीज यकृतांत लपून राहतें, व तें मारण्यासाठींच त्या शेवटच्या गोळ्या असतात, हें आम्ही तेव्हां नुकतेंच वाचलें होतें! ज्ञान असूनहि आम्ही चुकलों. कारण बरें वाटणें आणि बरें होणें ह्या दोन गोष्टी एकच आहेत, असें आम्हीं मानलें. त्याहून लज्जेची गोष्ट अशी कीं, मधल्या काळांत आमच्यापासून आणखी कोणास तो रोग गेला असेल, ह्याचा विचारहि आमच्या मनास शिवला नाहीं.

ह्या इतिहासाचें सार आम्हांस ह्यांतच दिसतें. हिंवताप औषधाच्या अभावीं परतला नाहीं. तो आमच्या सातत्याच्या अभावीं परतला. आज साधनें पूर्वींपेक्षां पुष्कळ अधिक आहेत. चीनमधील तू यूयू यांनीं जुन्या वैद्यकग्रंथाच्या आधारें १९७० नंतरच्या वर्षांत शोधलेल्या औषधानें असंख्य प्राण वांचविले, व त्यांस २०१५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आफ्रिकेंतील बालकांसाठीं २०२१ व २०२३ सालीं दोन लशींस जागतिक आरोग्य संघटनेनें मान्यता दिली. त्यांतील दुसरी आपल्या पुण्यांतील सीरम इन्स्टिट्यूटमध्यें तयार होते. तरीहि २०२३ सालीं जगांत सुमारें सव्वीस कोटी तीस लक्ष लोकांस हिंवताप झाला, व सुमारें पांच लक्ष सत्त्याण्णव हजार लोक त्यास बळी पडले. त्यांत बहुसंख्य आफ्रिकेंतील लहान मुलें होतीं. आपल्या देशांत रोग पुष्कळ ओसरला असून २०३० पर्यंत त्याचें उच्चाटन करण्याचें ध्येय सरकारनें ठेविलें आहे. १९६५ सालींहि आम्ही असेच कांठाशीं येऊन पोहोंचलों होतों, हें विसरतां कामा नये.

म्हणून आमची प्रत्येक कुटुंबास विनंती आहे कीं, आठवड्यांतून एक वार ठरवून रांजण, पिंप, हौद व कूलर कोरडे करावेत. गच्चीवरची टांकी झांकावी. फुटके टायर व नारळाच्या करवंट्या अंगणांत पडूं देऊं नयेत. सांडपाण्याची वाट मोकळी ठेवावी. बुजवितां न येणाऱ्या डबक्यांत गप्पी मासे सोडावेत. ते सरकारी आरोग्य केंद्रांतून मागून घ्यावेत. ह्यानें दिवसा चावणाऱ्या डांसापासून होणारा डेंग्यूहि आटोक्यांत राहील. ताप आल्यास रक्त तपासून घ्यावें, व डॉक्टर सांगतील तितक्या गोळ्या, ताप उतरल्यावरहि, पुऱ्या कराव्यात. ऊंसतोडीसाठीं बाहेरून येणारीं कुटुंबें पाटाकांठीं खोपटांत राहतात. त्यांची विचारपूस करणें हें आमचें विशेष कर्तव्य आहे. आमचेहि आजे-पणजे कधीं काळीं असेच पोटासाठीं ह्या पाटाकांठीं आले होते.

शेजाऱ्यावर आपणासारखी प्रीति करावी, हें आपण लहानपणापासून शिकत आलों. आपल्या अंगणांत जन्मलेला डांस शेजाऱ्याच्या लेंकरास चावतो, आणि आपल्या अंथरुणावरचा ताप त्याच्या घरीं पोहोंचवितो. तेव्हां अंगणांतील डबकें उपसणें हेंहि त्या आज्ञेचेंच पालन होय. आमच्या पूर्वजांनीं कोरड्या रानांत पाणी आलेलें पाहिलें आणि देवाचे आभार मानले. तें पाणी वाहतें ठेवणें व त्यास कोठेंहि कुजूं न देणें, एवढें काम त्यांनीं आम्हांसाठीं मागें ठेविलें आहे.